पाठीवरची लाली



वसंतातल्या ह्या सत्रात आपण लढायांचा इतिहास ऐकता, संतांची चरित्रे ऐकता, राज्यघटनेची चर्चा ऐकता. आज मी ज्या गोष्टीचा इतिहास सांगणार आहे ती तळहाताएवढीही नाही. बरेच दिवस अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर वळविले, की माकडहाडाच्या वरच्या बाजूस कधी कधी एक तांबूस डाग दिसतो. घरच्यांना वाटते, चादरीची वळी रुतली असेल किंवा उन्हाळ्याचा घाम असेल. जाणती परिचारिका मात्र तेथे थांबते. ती त्या डागावर बोट दाबते आणि काढते. दाबलेली जागा क्षणभर फिकी पडून पुन्हा तांबडी झाली, तर रक्त अजून वाहते आहे, बाजू हातची गेलेली नाही. दाबूनही लाली तशीच राहिली, तर कातडी वरून अखंड दिसत असली तरी आत इजा सुरू झालेली आहे. वेळीच पाहिले नाही तर तेथे जखम होते, ती हाडापर्यंत जाते, आणि मूळ रोगातून वाचलेला माणूस ह्या जखमेने दगावतो. ह्यालाच शय्याव्रण म्हणतात. दवाखान्यात आपण त्याला बेडसोअर म्हणतो.

ह्यामागचे शास्त्र फार कठीण नाही. हाड आणि अंथरूण ह्यांच्या चिमट्यात मांस सापडते. त्यातल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या दबतात. निरोगी माणूस झोपेतही नकळत कूस बदलतो, म्हणून त्याला काही होत नाही. ज्याला हलता येत नाही, किंवा दुखते हेच ज्याला कळत नाही, त्याचे मांस तासा-दोन तासांत उपाशी मरू लागते. माकडहाड, खुबे, टाचा, कोपरे, डोक्याची मागची बाजू ह्या त्याच्या ठरलेल्या जागा. घाम, ओल आणि ओढून सरकविताना बसणारे घर्षण ह्यांची त्यात भर पडते.

हे आज आपल्याला सोपे वाटते. पण ही लाली पुढे व्रण झाली तर दोष कोणाचा, ह्या प्रश्नावर थोरामोठ्यांचे एकमत व्हायला फार वर्षे लागली. दोष रोगाचा? दैवाचा? की ज्याने पाहावयास हवे होते त्याचा? माझ्या समजुतीने परिचर्येच्या इतिहासातला हा एक कळीचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर ज्या बाजूने आले ती बाजू पंडितांची नव्हती.

अंगाची कातडी, केस आणि नखे पाहून रोग ओळखण्याची विद्या फार जुनी आहे. आपल्याकडे दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी त्रिविध परीक्षा सांगितली आहे. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात तर स्पर्शाने काय कळते ह्यावर स्वतंत्र अध्याय आहे. केस ओढला असता उपटून यावा आणि रोग्याला त्याची वेदनाही होऊ नये, नखांतले रक्तमांस आटून त्यांना पिकलेल्या जांभळाचा रंग यावा, ही सर्व तेथे मृत्यूची चिन्हे म्हणून नोंदली आहेत. जांभळी नखे म्हणजे रक्तात प्राणवायू कमी पडल्याची खूण. आजचा डॉक्टर तिला नीलिमा म्हणेल, पण त्या निरीक्षकाची नजर किती करडी होती हे त्या एका जांभळावरून ध्यानात येते. त्याच अध्यायात आणखी एक बारीक गोष्ट आहे. वैद्याने आपल्या प्रकृतिस्थ हाताने रोग्याच्या सर्वांगाला स्पर्श करून पाहावे, अथवा दुसऱ्याकडून स्पर्श करवून पाहावे, असे तेथे म्हटले आहे. हा दुसरा कोण? ग्रंथ सांगत नाही. परंतु चरकानेच चिकित्सेचे चार पाद मोजले आहेत. वैद्य, औषध आणि रोगी ह्यांच्या बरोबरीने उपस्थाता, म्हणजे सेवा करणारा, हा एक स्वतंत्र पाद आहे, आणि शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी जिव्हाळा व स्वच्छता हे त्याचे गुण मानले आहेत.

ग्रीकांकडे हिपॉक्रेटिसच्या परंपरेतील ग्रंथांत छातीत पू झालेल्या रोग्याची नखे वाकतात अशी नोंद आहे. पोपटाच्या चोचीसारख्या वळलेल्या त्या नखांच्या बोटांना वैद्यकात आजही हिपॉक्रेटिसचेच नाव आहे.

पण ह्या साऱ्या प्राचीन निरीक्षणाचा हेतू काय होता हे विसरून चालणार नाही. चिन्हे पाहावयाची ती मुख्यतः भविष्य सांगण्यासाठी. रोगी वाचणार की जाणार हे आधी कळले, तर वैद्याने हात घालावा की न घालावा हे ठरविता येई. असाध्य रोगाला हात घातल्याने वैद्याचे यश आणि धन दोन्ही जातात, असा इशाराही चरकाने दिला आहे. त्या काळी हातात साधने थोडी होती, तेव्हा ह्यात वैद्यांना दोष देण्याचे कारण नाही. तरी एक फरक लक्षात ठेवावा. जांभळे नख पाहून उठून जाणारा एक वाचक, आणि तांबडी पाठ पाहून उशी सरकविणारा दुसरा. आपला विषय हा दुसरा वाचक आहे.

त्याचे एक सुंदर उदाहरण सोळाव्या शतकात सापडते. आम्ब्रोआझ पारे हा फ्रान्समधील शस्त्रवैद्य. त्याला लॅटिन येत नव्हते, म्हणून पंडित वैद्य त्याला आपल्या पंक्तीला बसवीत नसत. १५६९ साली त्याला एका तरुण सरदाराकडे पाठविण्यात आले. मांडीत गोळी शिरून हाड मोडलेले, महिनोन्महिने अंथरुणावर, अंगात ताप, आणि पाठीखाली मोठा व्रण. पारेने गोळीच्या जखमेवर उपाय केलेच, पण त्याने आणखी काय केले ते त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. त्याने अंथरूण बदलविले, स्वच्छ चादरी घालविल्या आणि व्रणाची जागा अधांतरी राहावी म्हणून पिसांची एक लहान उशी करविली. चांगले अन्न खाऊ घातले. रोगी जरा सावरल्यावर त्याच्या करमणुकीसाठी वाजंत्री आणि एक विनोदी नटही बोलावला! रोगी बरा झाला. ह्या यादीतली उशी मला फार मोलाची वाटते. दाब काढला की मांस भरून येते, हे लॅटिन न येणाऱ्या त्या माणसाच्या हाताला कळले होते.

पुढच्या काळात हे ज्ञान सर्वत्र रुजले असे दिसत नाही. असो.

१८५४ च्या नोव्हेंबरात फ्लॉरेन्स नाइटिंगेल क्रिमियाच्या युद्धातील जखमींसाठी तुर्कस्थानात स्कुटारीच्या इस्पितळात पोहोचली. दिवा हाती घेतलेली देवी हे तिचे चित्र आपण शाळेत पाहिले आहे. मला त्या दिव्यापेक्षा तिची वही जास्त महत्त्वाची वाटते. १८६० च्या आरंभी तिचे शुश्रूषेवरील छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच्या पहिल्याच पानांत तिने एक धाडसी विधान केले. रोग्याला गारठा भरणे, अन्न न टिकणे, पाठीला व्रण होणे ही ज्याला आपण रोगाची लक्षणे समजतो ती पुष्कळदा रोगाची नसतातच, शुश्रूषेतल्या उणिवेची असतात, असे तिचे म्हणणे. त्याच वर्षी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिच्या नावाची शिक्षणशाळा उघडली. तेथील उमेदवार परिचारिकांनी काय काय शिकावयाचे ह्याची एक यादी छापलेली होती. असहाय रोग्याला हलविणे, त्याची कूस सांभाळणे, शय्याव्रण टाळणे आणि झाल्यास बांधणे हे त्या यादीत आहे. रोग्याचे कटाक्षाने निरीक्षण करावयाच्या बाबींत नाडी, भूक, श्वास, झोप ह्यांच्या जोडीला त्वचा हा शब्द स्वतंत्रपणे लिहिलेला आहे.

त्वचा पाहणे हे मोलकरणीच्या कामातून निघून शिक्षणक्रमात गेले ते येथे. कातडी पाहावयाची, आणि पाहिलेले सांगावयाचे, अशी नोकरीची अट झाली.

मात्र विद्वानांच्या सभेत त्याच सुमारास वारे उलटे वाहत होते. पॅरिसमध्ये साल्पेत्रिएर नावाचे प्रचंड रुग्णालय होते. हजारो म्हाताऱ्या, निराधार, पक्षाघाताने पडलेल्या स्त्रिया तेथे वर्षानुवर्षे राहत. ज्यां-मार्तें शार्को हा तेथला प्रमुख वैद्य. मज्जासंस्थेच्या रोगांचे शास्त्र ज्याने पायावर उभे केले त्यांत ह्याचे नाव पहिल्या ओळीत घ्यावे लागते. त्याच्या व्याख्यानांना देशोदेशीचे डॉक्टर येत, पुढे फ्रॉइडही काही महिने येऊन गेला. शार्कोच्या असे ध्यानात आले की, अर्धांगवायूचा झटका आलेल्या काही रोग्यांच्या लुळ्या पडलेल्या बाजूच्या कुल्ल्यावर दोन-चार दिवसांतच लाली येते, मग काळा डाग पडतो, आणि असे रोगी बहुधा मरतात. निरीक्षण अचूक होते. पण त्याने काढलेला अर्थ असा की, मेंदू अथवा मज्जारज्जू बिघडला म्हणजे कातडीचे पोषण करणारे मज्जातंतूच निकामी होतात आणि व्रण आतूनच उमलतो. कूस बदला, गादी बदला, काही उपयोग नाही. अशा व्रणाला त्याने नावच अपशकुनी दिले. व्रण दिसला की मृत्यू जवळ आला.

गंमत अशी की ह्याचे उत्तर आधीच देऊन झालेले होते. ब्राउन-सेकार ह्या शरीरशास्त्रज्ञाने १८५० च्या सुमारास प्रयोगातल्या प्राण्यांचे मज्जारज्जू तोडून पाहिले होते. ज्यांना कोरडे, स्वच्छ ठेवले आणि एकाच अंगावर पडू दिले नाही, त्यांना व्रण झाले नाहीत, आणि झालेले बरे झाले. म्हणजे दोष तुटलेल्या मज्जारज्जूचा नसून दाबाचा आणि ओलीचा. पण शार्कोचे वजन मोठे पडले. त्याच्या नावाखाली पुढे अनेक वर्षे डॉक्टरांनी शय्याव्रणापुढे हात टेकले, आणि तो विषय परिचारिकांच्या अंगावर टाकून दिला. पाहा कसा न्याय झाला तो! विद्येच्या दरबारात व्रण अटळ, आणि वॉर्डात मात्र व्रण झाला की बोलणी परिचारिकेला. नाइटिंगेलने जे वाक्य जबाबदारी देण्यासाठी लिहिले, त्याचा वापर पुष्कळ ठिकाणी ठपका ठेवण्यासाठी झाला. आणि ठपक्याची भीती असली म्हणजे डाग दिसला तरी लिहिला जात नाही, हा मनुष्यस्वभाव आहे.

पहिल्या महायुद्धात कण्याला गोळी लागलेल्या सैनिकांपैकी बहुतेक थोड्याच काळात मेले. शय्याव्रण आणि मूत्रमार्गातला जंतुसंसर्ग ही त्यांची मुख्य कारणे होती. दुसऱ्या महायुद्धात, १ फेब्रुवारी १९४४ रोजी, इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे अशा रोग्यांसाठी एक केंद्र उघडण्यात आले. त्याची सूत्रे लुडविग गुटमान ह्या डॉक्टरकडे देण्यात आली. हा जर्मन ज्यू, हिटलरच्या जाचातून १९३९ साली सुटून आलेला. त्याने नियम घातला की प्रत्येक रोग्याची कूस दर दोन तासांनी बदललीच पाहिजे, दिवसा आणि रात्रीही. मध्यरात्री दोन वाजता, चार वाजता, परिचारिका आणि मदतनीस शिपाई ह्यांची टोळी खाटेखाटेवरून फिरे आणि रोगी उचलून वळवी. गुटमान स्वतः अपरात्री वॉर्डात येऊन पाहणी करीत असे. अटळ म्हटलेले व्रण टळू लागले. जे दोन वर्षांत मरावयाचे ते चाकांच्या खुर्चीवर बसून धनुष्यबाण खेळू लागले. लंडनचे ऑलिंपिक सुरू झाले त्या दिवशी, २९ जुलै १९४८ ला, त्या रुग्णालयाच्या आवारात त्यांची स्पर्धा झाली. आजची पॅरालिंपिक त्या रोपट्याची झाली. ह्या कथेत पदके आठवतात ती खेळाडूंची. चार वाजता रोगी वळविणाऱ्यांची नावे कोठे छापलेली नाहीत.

येथे थोडे नखा-केसांकडे वळतो, कारण त्यांची तऱ्हा कातडीपेक्षा निराळी आहे. कातडी आजचे सांगते, नख आणि केस मागचे सांगतात. फ्रेंच डॉक्टर बो ह्याने १८४६ साली दाखविले की, मोठ्या आजारात नखाची वाढ थबकते आणि नखावर आडवी चर उमटते. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, तेव्हा ती चर मुळापासून किती पुढे सरकली हे मोजले की आजार केव्हा येऊन गेला ते सांगता येते. केसांची अशीच रोजनिशी असते. सिसिली विल्यम्स ही डॉक्टरीण पश्चिम आफ्रिकेत, आज ज्याला घाना म्हणतात तेथे, काम करीत होती. सुजलेले पाय, सोलणारी कातडी आणि तांबूस झालेले विरळ केस घेऊन येणारी मुले तिने १९३३ साली वर्णन केली. पुढे १९३५ साली तिने त्या रोगाला तेथल्याच गा भाषेतले ‘क्वाशिओरकोर’ हे नाव दिले. पाठचे भावंड झाल्यामुळे अंगावरचे दूध तुटलेल्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा आशय. मधूनमधून पुरेसे अन्न मिळाले असेल तर त्याच केसात काळे आणि तांबूस पट्टे एकाआड एक उमटतात. बाकी नखांच्या खुणांना टेरी, म्युर्के अशा डॉक्टरांची नावे पडत गेली. नखे रोज कापणाऱ्या हातांचे नाव एकाही खुणेला नाही, एवढे नमूद करून पुढे जातो.

परिचारिकेचे नाव ज्याला मिळाले अशी गोष्ट १९६२ सालची. तोवर वॉर्डावॉर्डात पाठ चोळण्याचा परिपाठ पडून गेला होता. सकाळ-संध्याकाळ साबण-पाणी, मग स्पिरिट, मग पावडर. काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलकही लावीत. लाल जागा दिसली की तेथे अधिकच जोराने चोळावयाचे. प्रत्येक जुन्या परिचारिकेचा आपला एक रामबाण उपाय असे, आणि नवीन मुलीने तो निमूट शिकावयाचा. डोरीन नॉर्टन ही स्वतः परिचारिका. वृद्धांच्या शुश्रूषेचा तिने मॅकलरन ही सहकारी आणि एक्स्टन-स्मिथ हे डॉक्टर ह्यांच्यासमवेत पद्धतशीर अभ्यास केला. औषधे, मलमे, चोळण्याचे पदार्थ ह्यांचा काय उपयोग होतो हे तपासले. निष्कर्ष असा निघाला की बाटलीत काय आहे ह्याने काही बिघडत नाही, नेमाने कूस बदलण्याने मात्र फरक पडतो. पुढच्या अभ्यासांनी तर दाखविले की लाल झालेल्या जागी जोराने चोळले तर आतल्या दबलेल्या मांसाला इजाच होते. पिढ्यान्‌पिढ्यांची ती मेहनत उलट्या दिशेला चालली होती.

नॉर्टनने दुसरी गोष्ट केली ती अधिक टिकली. तिने पाच प्रश्न ठरविले. रोग्याची अंगकाठी कशी आहे, मन जागेवर आहे का, चालतो-फिरतो किती, अंथरुणात स्वतः किती हलतो, मलमूत्रावर ताबा आहे का. प्रत्येकाला १ ते ४ गुण. बेरीज जास्तीत जास्त २०. चौदा किंवा त्याखाली बेरीज आली तर हा रोगी धोक्यात आहे असे समजावयाचे. तिच्या पाहणीत बहुतेक व्रण रुग्णालयात आल्यापासून पहिल्या दोन आठवड्यांत झालेले आढळले. तेव्हा ही बेरीज रोगी आल्या दिवशी करावयाची, लाली दिसण्याची वाट पाहत बसावयाचे नाही. एका कागदाच्या कपट्यावर मावणारी ही कसोटी, पण तिने ठपक्याचा प्रश्न बदलून टाकला. ‘तू का नाही पाहिलेस?’ असे नंतर विचारण्याऐवजी ‘हा रोगी बाराचा आहे, तुला किती हात लागतील?’ असे आधी विचारता येऊ लागले. परिचारिका आता वरिष्ठांपुढे आकडा घेऊन जाऊ शकत होती. पुढे १९८५ साली इंग्लंडात ज्यूडी वॉटरलो हिने आणि १९८७ साली अमेरिकेत बार्बरा ब्रेडन व नॅन्सी बर्गस्ट्रॉम ह्यांनी आपापल्या कसोट्या प्रसिद्ध केल्या. ह्याही सर्व परिचारिकाच. आपल्याकडील मोठ्या रुग्णालयांच्या कागदांवर ब्रेडनचे नाव आता पुष्कळदा दिसते.

आतापर्यंत ज्यांची कथा सांगितली त्यांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे. रोग्याने आपली पाठ उघडी करून दाखविली पाहिजे. ही गोष्ट साधी नाही, हे पुण्याच्या माणसाला सांगावे लागू नये. १८९७ सालच्या प्लेगात रँडच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घराघरांत शिरल्या. काखेत, जांघेत गाठ आहे का हे पाहण्यासाठी बायकापुरुषांची अंगे तपासण्यात आली. गाठ शोधणे वैद्यकाच्या दृष्टीने योग्यच होते. पण परका हात, बंदुकीचा धाक, आणि विचारणे नाही. माणसे रोगी लपवू लागली, म्हणजे ज्यासाठी तपासणी तेच बुडाले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय झाले ते आपण जाणता. त्याच वर्षी त्याच साथीत, १० मार्च रोजी, सावित्रीबाई फुले वारल्या. प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्यांना स्वतःला तो रोग जडला होता. त्यांच्या हाताला कोणी घर बंद केल्याचे ऐकिवात नाही.

दुसरे उदाहरण सेवाग्रामचे. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे पंडित, अंगावर महारोग. १९३९ च्या सुमारास ते आश्रमाच्या आश्रयाला आले. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले, त्यांच्या जखमा पाहिल्या आणि स्वतःच्या हातांनी त्यांचे अंग चोळून दिले. महारोगात कातडीवरच्या चट्ट्याची संवेदना जाते. कापसाच्या बोळ्याने किंवा पिसाने हलकेच स्पर्श करून ‘येथे कळते का?’ असे विचारणे, ही त्याची जुनी आणि आजही उपयोगी परीक्षा आहे. स्पर्शावाचून ती होत नाही, आणि ज्याला कोणी शिवत नाही त्याची ती कोण करणार?

आता ह्या इतिहासातला शेवटचा, आणि आपल्याला सर्वांत जवळचा, भाग. आरंभी मी लालीवर बोट दाबण्याची जी परीक्षा सांगितली ती कोणाच्या कातडीवर ठरली? लंडनच्या आणि पॅरिसच्या. इंग्रजी पुस्तकात निरोगी त्वचा ‘गुलाबी’ असते, रक्त कमी झाले की ती ‘पांढरी’ पडते, व्रणाची सुरुवात ‘लाल’ असते. आपले परिचारिका-शिक्षण ह्याच पुस्तकांवर वाढले. आपल्या घरातली आजी मात्र सावळी असते. तिच्या पाठीवर ती लाली दिसत नाही. तेथे कातडी आजूबाजूपेक्षा किंचित गडद, जांभळट किंवा निळसर दिसते, आणि बोट दाबले तरी रंगात फरक पडलेला कळत नाही. मग पाहणारीने पुस्तकाप्रमाणे ‘लाली नाही’ असे लिहिले तर ती खोटे बोलली असे म्हणता येत नाही, आणि आजीच्या पाठीचा बचावही होत नाही.

पाश्चात्त्यांच्या हे ध्यानात येण्यास १९९० चे दशक उजाडावे लागले. शय्याव्रणाच्या पायऱ्या ठरविणाऱ्या अमेरिकेतील तज्ज्ञ मंडळाने १९९८ साली पहिल्या पायरीची व्याख्या बदलली. केवळ रंगावर न विसंबता ती जागा भोवतालापेक्षा गरम वा थंड लागते का, दडदडीत वा लिबलिबीत लागते का, तेथे दुखते वा खाजते का, हेही पाहावे असे ठरले, आणि गडद कातडीवर निळी-जांभळी छटा पाहावी अशी स्पष्ट नोंद झाली. म्हणजे डोळ्याच्या जोडीला हात आला. चरकाने तो कधीच आणला होता. २०२० साली लंडनच्या सेंट जॉर्जेस ह्या वैद्यकीय विद्यापीठातील मलोन मुकवेंडे ह्या विद्यार्थ्याने आपल्या दोन शिक्षकांबरोबर काळ्या-सावळ्या कातडीवर रोगांच्या खुणा कशा दिसतात ह्याची एक पुस्तिकाच काढली. शिकविताना सगळी चित्रे गोऱ्या अंगाचीच का, हा त्याचा प्रश्न.

यंत्राला तरी रंग दिसू नये, असे आपल्याला वाटेल. करोनाच्या साथीत बोटाला लावावयाचा ऑक्सिमीटर घराघरांत आला. तो बोटातून प्रकाश पाठवून रक्तातला प्राणवायू मोजतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील मिशिगन येथून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. यंत्र ९२ ते ९६ असा धीर देणारा आकडा दाखवीत असताना रक्तात प्रत्यक्ष ८८ हून कमी प्राणवायू असणारे रोगी गोऱ्यांत शंभरात सुमारे ४ होते, आणि काळ्यांत सुमारे १२. म्हणून सावळ्या माणसाचे जिभेखाली, ओठांच्या आतून, खालच्या पापणीच्या आत पाहावे, आणि आकडा चांगला असूनही रोगी धापा टाकत असेल तर धापेवर विश्वास ठेवावा, असे आता शिकविले जाते.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कोणी ना कोणी अंथरुणावर असेल. त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगून थांबतो. सावळ्या पाठीवर हात ठेवावयाचा तो उलटा, बोटांच्या मागच्या बाजूने, कारण ऊब तेथे चटकन कळते. आधी जेथे दाब नाही अशी जागा, मग माकडहाड, मग खुबे, मग टाचा. उजेड खिडकीचा असावा, पिवळ्या दिव्याचा नको. दुसरी गोष्ट दोन तासांच्या नियमाची. २०१३ साली बर्गस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमांतून पाहणी केली. त्यात दोन, तीन आणि चार तासांनी कूस बदललेल्या गटांत व्रणांच्या प्रमाणात फरक आढळला नाही. मात्र तेथील गाद्या उत्तम प्रतीच्या फोमच्या होत्या, आणि कूस बदलल्याची नोंद मदतनिसांना करावी लागे. आपल्या घरातल्या दबलेल्या कापसाच्या गादीवर दोन तासांचाच हिशेब धरावा, रात्रीसुद्धा, आणि टाचेखाली पोटरीला आधार देणारी उशी घालून टाच अधांतरी ठेवावी.